दुसऱ्या मजल्यावरची खुर्ची

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं वाकली तेवढी मोजून घे.) तुझा खोकला गेला का? आईचं मुद्दाम शेवटी विचारतो.

आधी माझ्या डाव्या नडगीवर झालेला घोर अन्याय ऐक. आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीत दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिथल्या म्हाताऱ्या घड्याळजींनी एक लाकडी खुर्ची ठेवली होती. मी तिला धडकलो. दुसरा कोणी नडगी चोळत वर गेला असता. पण मी पडलो सोसायटीचा सेक्रेटरी! (हे पद कुणालाच नको होतं म्हणून मला मिळालं, हे मी सोयीनं विसरतो.) मी टेप लावून जिना मोजला, खुर्ची मोजली आणि सभा बोलावली.

वीस मिनिटं बोललो. सामाईक जागा म्हणजे काय, आग लागली तर काय, आज खुर्ची तर उद्या कपाट. शेवटी गरजलो, "या खुर्चीवर बसतं तरी कोण? एकानं हात वर करावा!" कुणी केला नाही. मागच्या रांगेत आई चष्मा पुसत बसली होती. घड्याळजी एवढंच म्हणाले, "बरं बाबा, उचलतो." ठराव एकमतानं मंजूर. घरी आल्यावर मी आईलाच विचारलं, कसा बोललो? "स्पष्ट बोललास," म्हणाली.

आठवड्यानं ती तुझ्याकडे आली. म्हणे, चार मजले झेपत नाहीत. मी वयाला बोल लावून मोकळा झालो.

काल जिना झाडणाऱ्या मावशींनी मला गाठलं. "साहेब, ती खुर्ची तुमच्या आईसाठीच होती की! भाजी घेऊन येताना तिथं दम खायच्या. घड्याळजींना बजावलं होतं, पोराला कळू देऊ नका, माझं खाली उतरणंच बंद करेल."

आणि ताई, मी केलंच असतं.

माफी मागायला घड्याळजींकडे गेलो. खुर्ची त्यांनी कधीच कुणाला देऊन टाकलेली. डोळ्याचं भिंग न काढता म्हणाले, "मोजलीस तेव्हा जरा बसून बघायचं होतंस."

आईचं कसं आहे?

तुझा,
धाकटा

ता. क. आईला पाठव. माझं नाव काढू नकोस. जिन्यात खुर्ची आहे, एवढंच सहज बोलून जा. ठराव पुढच्या सभेत मीच मागे घेईन. तोवर पहिला नियमभंग माझा.

ता. क. दुसरा: अक्षराला हसू नकोस. ओट्याशी उभं राहून लिहितोय. माझी लिहायची खुर्ची दुसऱ्या मजल्यावर आहे.