बाजूची सीट

४ जानेवारी
निर्णय पक्का. सासऱ्यांची जुनी गाडी सहा एप्रिलला टेकडी चढणार म्हणजे चढणार. त्या दिवशी त्यांना पंचाहत्तर पूर्ण. दर वाढदिवसाला ते आणि सासूबाई हीच गाडी घेऊन वर पाण्याच्या टाकीपर्यंत जायचे. चार वर्षांपूर्वी गाडी बंद पडली आणि माझ्या शेडमध्ये आली. आज जेवताना सगळ्यांसमोर शब्द दिला. सासऱ्यांनी पुन्हा भात घेतला. मेव्हणा म्हणाला, गाडी चढली तर मिशी उतरवीन. त्याची ती मिशी मला पहिल्यापासून बघवत नाही. दुहेरी फायदा.

११ जानेवारी
मेकॅनिकच्या मते आधी इंजिन उघडायला हवं. बिचाऱ्याची दृष्टी मर्यादित. ताकद वाढवणं हा अडाणी मार्ग, वजन घटवणं हा शास्त्रीय. शेवटी इंजिन कसंबसं चालू करून दिलं त्याने. आता पुढचं माझ्याकडे.

१९ जानेवारी
मागची सीट, रेडिओ, जॅक, स्टेपनी बाहेर. पंक्चर झालंच तर बघू. नकारात्मक विचार करायचे नाहीत.

२ फेब्रुवारी, सकाळी
बायकोने बाथरूममधल्या वजनकाट्यावर सायलेन्सर पाहिला. बरंच बोलली. शेवटी म्हणाली, एवढी हौस आहे तर आधी स्वतःचं पोट उतरवा, फुकटात होईल. विषय तांत्रिक असल्याने वाद घातला नाही. उद्यापासून साखर बंद.

३ फेब्रुवारी
साखर सोमवारपासून.

१५ फेब्रुवारी
कार्बन फायबरचं बॉनेट मागवलं. किंमत इथेही लिहीत नाही, वही कपाटात उघडी राहते. महाग आहे, मान्य. पण लोखंडी बॉनेटच्या निम्म्याहून हलकं! शिवाय दिसायला काळंभोर. बायकोला सांगितलं, मित्राने वापरायला दिलंय. मित्र कोण, ते विचारलंन. आठवून सांगतो म्हटलं.

२८ फेब्रुवारी
बॉनेट आलं. एका हाताने उचलता येतं! शेजाऱ्यांना उचलून दाखवलं. दोघांनी उचललं. तिसरे म्हणाले, पाठ धरली आहे. तेवढं हलकं आहे हे त्यांना पटतच नाही.

६ मार्च
चाचणी. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत उत्तम. पुढे वारा आला आणि बॉनेट उघडून काचेवर आपटलं. हलकेपणाचा याहून चांगला पुरावा कोणता? मेकॅनिकने साखळी आवळून कुलूप घातलं. साखळी चांगलीच जड आहे, पण ती सुरक्षेत मोडते. वजनात धरायची नाही.

१४ मार्च
साखळीमुळे झालेलं नुकसान भरून काढायचं तर आता एकच मोठी वस्तू उरली, बाजूची सीट. खूप विचार केला. तिथे बसतं कोण? सासूबाई. आणि त्या वाटभर काय करतात? डॅशबोर्ड घट्ट धरून ‘हळू, हळू’ म्हणतात. म्हणजे सीट काढण्यात त्यांचीही सुटका. सीट मेकॅनिकला मजुरीपोटी दिली. त्याने ती गॅरेजच्या दारात मांडली आणि लगेच तिच्यावर बसून चहा मागवला.

२५ मार्च
जड बॅटरी भंगारात देऊन हलकी, छोटी, परदेशी बॅटरी बसवली. मेकॅनिक म्हणाला, ही मोटरसायकलची दिसते. दिसण्यावर जाऊ नये.

५ एप्रिल
तयारी पूर्ण. मेव्हण्याला वस्तरा भेट द्यावा की स्वस्तातलं रेझर?

६ एप्रिल, दुपारी
सकाळी सगळे टेकडीच्या पायथ्याशी. सासरे इस्त्रीच्या शर्टात. सासूबाई नवी साडी नेसून, थर्मास घेऊन. त्यांनी पलीकडचं दार उघडलं, आत पाहिलं, आणि दार परत लावलं. मला म्हणाल्या, असू दे. एवढंच. बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिचं वजन कुठल्याच काट्यावर मावलं नसतं.

किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्. बॅटरी मेली. मी आणि मेव्हण्याने गाडी ढकलली. खरं सांगायचं तर अगदी सहज ढकलली जाते. मेव्हणासुद्धा म्हणाला, दाजी, पैसा कुठे गेला ते हाताला कळतंय.

इंजिन सुरू झालं आणि सासरे भुर्रकन निघाले. गाडी टेकडी चढली! टाकीपर्यंत! मी नाचलो. एकटाच.

सासरे खाली आले तेव्हा सासूबाई रस्त्याच्या कडेला दगडावर बसून चहा ओतत होत्या. मी विचारलं, कशी वाटली? ते म्हणाले, पाखरासारखी गेली हो जावईबापू. मग कप हातात घेतला आणि म्हणाले, पण हळू म्हणायला कुणी नव्हतं. मजा नाही आली.

मिशीचा विषय मी काढला नाही.

८ एप्रिल
गॅरेजात गेलो. सीट परत मागितली. मेकॅनिक म्हणाला, गिऱ्हाइकांना सवय झालीय, फुकट नाही मिळायची. खूप घासाघीस करून कार्बन फायबरच्या बॉनेटवर सौदा पटला. पाण्याच्या मोटरवर त्याला झाकण हवंच होतं. हलकं आहे, रोज उघडायला बरं, म्हणाला.

जुनं लोखंडी बॉनेट बसलं. सीटही बसली. सासूबाई येऊन एकदा बसून गेल्या आणि गाडी उभी असतानाच ‘हळू’ म्हणाल्या.

नव्या बॅटरीला आता पैसे नाहीत. रविवारी दोघं पुन्हा टाकीपर्यंत जाणार आहेत. ढकलायला मी.