बसवालीच्या रक्ताचा अहवाल

१४ ऑक्टोबर

तीर्थरूप दादास,

नमस्कार. एरवी साष्टांग लिहिते, आज हात वळला नाही. कारण पुढे येईलच. आई बरी आहे. तिचे गुडघे कुरकुरतात आणि तीही कुरकुरते. वहिनीने पाठवलेली शाल तिला आवडली आहे, पण तसं ती कबूल करायची नाही.

तुझ्या सहीचा मेमो काल मिळाला. एकाच रुग्णालयात तू तिसऱ्या मजल्यावर डॉक्टर, मी तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत, आणि सख्ख्या बहिणीला कागद धाडलास शिपायाच्या हाती. म्हणून मीही कागदच पाठवतेय. 'प्रयोगशाळेचा अहवाल वॉर्डला दुसऱ्या दिवशी मिळाला.' हे वाक्य मी चार वेळा वाचलं. एकोणीस वर्षं मी इथे रक्त तपासतेय. माझ्यावर बोट ठेवायची वेळ कुणावर आली नव्हती, ती तू आणलीस.

काय झालं ते तुला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण चौकशी समितीला तू भलतंच सांगितलंयस.

बस चालवणारी ती बाई. डेंगीचा पाचवा दिवस, ताप उतरलेला, प्लेटलेट एक लाख दहा हजार. वॉर्डात सगळे खूश. त्या सकाळी तिचं रक्त आपल्या अभ्यासासाठी माझ्याकडे आलं. रक्तवाहिन्यांचं अस्तर सैल पडू लागलं की जे प्रथिन रक्तात वाढतं, ते तिच्यात नेहमीच्या चौपट होतं. म्हणजे ताप गेला तरी खरा धोका आता सुरू होण्याची शक्यता. शक्यताच म्हणते मी. आपल्या एक्केचाळीस रुग्णांपैकी अकरा जणांत ते असं चढलं. आठ अत्यवस्थ झाले, तिघे ठणठणीत घरी गेले. ते तिघे मी विसरलेले नाही. तू त्या आठांना कसा विसरलास? अभ्यासावर पहिलं नाव तुझं. परिषदेत टाळ्या तू घेतल्यास. आकडा चढला की ताबडतोब वॉर्डला कळवायचं, हा नियमही तुझाच.

मी जिना चढून वर आले. वॉर्डात, तिच्या खाटेपासून जरा लांब, तुझ्याबरोबर तीन शिकाऊ डॉक्टर होते. मी म्हटलं, "हिला आज सोडू नकोस. आकडा चौपट आहे, आणि पोट दुखतंय म्हणतेय ती."

तू त्यांच्याकडे बघून हसलास. "ही आमची धाकटी. लहानपणी हिला प्रत्येक सावलीत भूत दिसायचं."

तेही हसले.

"पोट इथल्या जेवणानं दुखतंय," तू म्हणालास. "मला खाट हवीय. बाहेर बाकावर सात जण बसलेत."

सात जण होते, हे खरं. मी मोजले होते. पण हसायचं काय कारण होतं? दुसऱ्या कुणी तो कागद आणला असता, तर तू निदान हातात घेतला असतास.

तू तिला घरी सोडलंस. दुसऱ्या दिवशी दुपारी नवऱ्याने तिला टॅक्सीतून परत आणलं. हातपाय गार, नाडी लागेना. नऊ दिवस अतिदक्षता विभागात होती. वाचली, आणि तुझ्या लेखी प्रकरण मिटलं. तिची मूत्रपिंडं अजून धड चालत नाहीत, एक दिवसाआड डायलिसिस करावं लागतं. बसवर कधी चढेल, कुणी सांगू शकत नाही.

मेमो मिळाल्यावर काल मी वॉर्डात तिच्याकडे गेले. दाराशीच घुटमळले. तिनेच ओळखलं. "तुम्ही खालच्या लॅबमधल्या ना? त्या दिवशी माझ्यासाठी बोलत होतात."

मग म्हणाली, "माझ्या रक्तात आधीच दिसत होतं?"

"दिसत होतं."

"मग मला का नाही सांगितलं कुणी? ब्रेक लागेनासा झाला, तर मी आधी मागच्या माणसांना ओरडून सांगते, घट्ट धरा म्हणून. डेपोला मग कळवते."

तिच्या नवऱ्याने बसायला खुर्ची दिली, तेव्हा मला तिथून पळून जावंसं वाटलं.

इथवर लिहून मघाशी पेन खाली ठेवलं होतं. आता उरलेलंही लिहून टाकते.

आकडा आला तेव्हा दहा वाजले होते. मी वर आले एक वाजता. मधले तीन तास कागद माझ्या एप्रनच्या खिशात होता. एकदा पुन्हा तपासून पाहिलं, पण ते अर्ध्या तासाचं काम. उरलेला वेळ मी नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसले, तू काय म्हणशील, चारचौघांत कसा हसशील, याचा विचार करत. दहाला आले असते तर तिचे घरी सोडायचे कागद झाले नसते. कदाचित तू एकटा असतास, ऐकलंही असतंस. तू लिहिलेलं 'दुसऱ्या दिवशी' साफ खोटं आहे, दादा. पण माझा उशीर खोटा नाही. पन्नाशीला टेकले तरी तुझ्या हसण्याची धास्ती गेली नाही, आणि त्या धास्तीची किंमत भरली त्या बाईने. तुझ्यावर जेवढी चिडलेय, तेवढीच स्वतःवर.

परवा समितीपुढे मी दोन्ही सांगणार आहे. माझे तीन तास आणि तुझं हसणं. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. जबाबाची प्रत सोबत जोडलीय, तुझ्या पाठीमागे काही करायचं नाही म्हणून. एक प्रत आज सकाळीच तिच्या हातात दिली. तिने वाचली आणि नीट घडी घालून उशाखाली ठेवली.

आईला अजून काही माहीत नाही. रविवारपर्यंत तू सांगितलंस तर बरं, नाहीतर मी सांगेन. मात्र ती जे विचारेल त्याला खरं उत्तर दे.

तुझ्याविरुद्ध साक्ष देणारी,
तुझीच बहीण