दिवा नंबर चारशे सतरा

२० नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. नाताळच्या शर्टांनी आमच्या छपाईखान्याला वेठीस धरलंय. यंदा मालकांच्या डोक्यात खाणकामगार शिरलाय. लाल शर्ट, त्यावर कोळशाने माखलेला, तोंडभर हसणारा गडी, आणि खाली ‘कोळशाशिवाय नाताळ गार!’ दिवसभर उभं राहून छपाईच्या जाळीवर रंग ओढायचा. संध्याकाळी खांदे माझे राहत नाहीत. इतकं हसत खाणीतून वर आलेला माणूस मी तरी आपल्या घरात पाहिला नाही.

हेल्मेट कोरं दिसत होतं, म्हणून चित्रकाराच्या मागे लागून त्यावर ४१७ घालून घेतला, तुझ्या दिव्याचा नंबर. आता मिरव बाजारभर. एक शर्ट पाठवतेय. ढगळ आहे, पोट आत ओढावं लागणार नाही.

बाळ्याची परीक्षा झाली का? नकाशे काढायच्या वर्गात त्याची जागा धरून ठेवलीय, माझ्या खोलीत खाटही टाकलीय. पोरगं खाणीत उतरणार नाही, असा वहिनी गेल्या तेव्हा तू मला शब्द दिलायस. खोकला कसा आहे?

लोभ आहेच, तो औषध वेळेवर घेऊन दाखव.

तुझी,
धाकटी

६ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न.

शर्ट मिळाला. बाबांच्या आधी मीच घालून पाहिला. तुला मी कळवायचं नाही, ते स्वतः लिहितील, असं बाबांनी बजावलं होतं. तू माझा नंबर छापलास म्हणजे त्यांनी लिहिलं एकदाचं. बरं झालं, मला लपवाछपवी जमत नाही. पाळीतले सगळे चिडवतात, की कालचं पोर आणि याची छबी बाजारात!

डॉक्टरांनी बाबांना खाली उतरायची मनाई केली. इथल्या रिवाजाप्रमाणे त्यांचा दिवा, म्हणजे नंबरासकट त्यांची जागा, आधी घरातल्याच माणसाला देऊ करतात. बाबा नको म्हणत होते, हो मी म्हटलं. राहतं घर खाणीचं आहे, आत्या. घरातलं कोणीतरी खाली उतरत असेल तरच ते आपल्याकडे राहतं.

खाट मात्र काढू नकोस. सुट्टीत येईन, नुसता झोपायला. हल्ली झोप पुरतच नाही.

तुझा,
बाळ्या

१४ डिसेंबर

ती. दादास,
सा. न.

बाळ्याचं पत्र आलं. तू मला काहीच कळवलं नव्हतंस, हे त्याला सांगू नकोस.

चांगलं खरमरीत लिहायचं म्हणून बसले होते, पण हात इतके भरून आलेत की रागही धड लिहिता येत नाही. शेवटचे शर्ट आज छापले. प्रत्येक हेल्मेटवर ४१७ उमटला की बाळ्याच माझ्याकडे बघून हसतोय असं वाटायचं. फार वाईट वाटतंय, दादा.

वर्गातली जागा मी सोडलेली नाही. तू घरी बसून काय करतोस, एवढं तरी कळव.

लोभ करतोस ना? मग खरं लिही.

धाकटी

२३ डिसेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुला कोणत्या तोंडाने लिहू, ते कळत नव्हतं. घरी बसलेलो नाही. मला दिव्यांच्या खोलीत बसवलंय. पाळीला निघालेल्याला खिडकीतून दिवा द्यायचा, वर आला की परत घेऊन त्याच्या नंबरच्या खुंटीला टांगायचा. हलकं काम मिळालं, असं सगळे म्हणतात. रोज सकाळी ४१७ मीच बाळ्याच्या हातात द्यायचो, आणि तो खुंटीला परत लागेपर्यंत डबा उघडायचो नाही.

तुझा शर्ट त्याने काल हट्टाने मला घालायला लावला. नेमकी कालच पाळी सुटायला उशीर झाला. माणसं एकेक करून आली, खुंट्या भरत गेल्या, शेवटी एकच रिकामी राहिली. मी तो हसरा शर्ट घालून खिडकीत उभा. बाळ्या सगळ्यांच्या शेवटी आला. लिफ्ट अडकली होती, बाकी काही नाही, असं म्हणाला. मी त्याचा दिवा खुंटीला टांगला.

आज सकाळी त्याने खिडकीत हात पुढे केला, तर मी दिवा दिला नाही. मागची माणसं खोळंबली. घर जाईल म्हणाला. जाऊ दे म्हटलं. तो रांगेतून बाजूला झाला.

आता तो सामान बांधतोय. त्याची खाट काढू नकोस, शेजारी आणखी एक टाक. लोभ असू दे, दोघांना पुरेल इतका.

तुझा,
दादा