डाव्या बाजूची रिकामी जागा

झांझिबार,
अंतिम सामन्याची आदली संध्याकाळ

चिरंजीव म्बारूक, मामाचा तोंडभरून आशीर्वाद.

उत्तरेचा वारा सुटला, बाकीची गलबतं परतली, तुझं तेवढं नाही. पत्र धाडायचं तरी कुठल्या बंदरात? लिहून उशाखाली ठेवतोय.

किनाऱ्याच्या या पहिल्यावहिल्या फुटबॉल चषकात आपला संघ दहाच जणांनी खेळतोय. समुद्रावरून न आलेल्याचा सदरा दुसऱ्याच्या अंगात घातला, तर तो गेला असं आपणच कबूल केल्यासारखं. डाव्या बाजूला, तुझ्या जागी, कुणीच नसतं.

पण पोरा, तिकडे गेलेला चेंडू परत येतो. रेषेपाशी थबकतो, वळतो आणि गोलासमोर येऊन पडतो, अगदी तू द्यायचास तसा. असेच जिंकत आलो.

कप्तान फाकी परवा म्हणाला, "मामा, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का? आपला म्बारूक खेळतोय की!"

"गप रे मेल्या! जिवंत माणूस एका वेळी दोन ठिकाणी असतो का?"

त्याचं हसू तिथंच विरलं.

तुझी आई मात्र म्हणते, "दादा, त्याची जागा राखली म्हणून यश येतंय. येईल बघ माझा लेक." मी नुसती मान हलवतो.

उद्या सगळा मोहल्ला चषकासाठी दुआ मागेल. मी एवढंच मागेन, की तुझ्या बाजूला गेलेला चेंडू सरळ रेषेबाहेर जाऊ दे. हरलो तरी चालेल.

तुझी वाट पाहणारा,
वुआई मामा