खरी गोळी

केरकेना बेट, ८ जानेवारी १९८९

चि. सिहेमला मबरूकाताईचे अनेक आशीर्वाद.

अंगणात ऑक्टोपस वाळत घातलेत, मांजर टपून बसलंय. तुझे दाजी मात्र होडीत चढतानाही छाती धरतात. तुझ्या प्रयोगातल्या गोळ्या नेमाने घेतात, धडधड तशीच. निम्म्या रोग्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसती साखर, आणि कुणाला काय ते डॉक्टरलाही ठाऊक नसतं, असं तूच म्हणालीस. यांच्या वाट्याला साखरच आलीय, लिहून घे! घरात हृदयाची डॉक्टर असून माझा नवरा साखर चघळतो. तुझ्यासाठी मी शाळा सोडली, ते मी काढत नाही. तेवढं बघ.

लोभ आहेच, तो गोळीतही दिसू दे.
तुझी ताई

ट्युनिस, २० जानेवारी

ती. ताईस सिहेमचा सलाम.

नियम मोडून औषधभांडारात विचारलं. साखरच होती. दाजींना प्रयोगातून काढलंय; सोबत खऱ्या गोळ्या आहेत. मन खातंय गं. वॉर्डातल्या बाकीच्यांना अशी भांडणारी ताई नाही. कुणाला सांगू नकोस. दाजींना म्हणावं, पहिला मोठा ऑक्टोपस माझा.

लोभ वाढावा.
सिहेम

केरकेना, ५ मार्च

चि. सिहेमला आशीर्वाद.

तू दफनाला आलीस, पण घर माणसांनी भरलेलं, बोलता आलं नाही. तुझ्या गोळ्यांनी धडधड अगदी थांबली होती. तुझे दाजी सुलेमान होडीत गात होते म्हणे, आणि गातागाताच कोसळले. मीच उशीर केला. आधी भांडले असते तर ते वाचले असते. तू जिवाला लावून घेऊ नकोस.

ताई

ट्युनिस, २० मार्च

ती. ताईस,

उशीर झाला नव्हता. काल प्रयोग थांबवला. खरी गोळी धडधड शमवते, पण एखाद्याचं हृदयच अचानक बंद पाडते. साखर घेणारे जास्त जगले. दाजी साखरेवरच राहिले असते तर कदाचित आज असते. मी केलं ते वरिष्ठांना लेखी कळवलंय. वॉर्ड सुटेल बहुतेक. त्याचं काही नाही. तुला तोंड कसं दाखवू?

लोभ असावा, असं लिहायला हात धजत नाही.
सिहेम

केरकेना, २७ मार्च

सिहेम,

तुझं पत्र आलं त्या दिवशी चूल पेटवली नाही. तुला खूप शिव्या दिल्या. मग आठवलं, गोळी नको म्हणून ते कुरकुरायचे, तेव्हा पाण्याचा पेला मीच तोंडाला लावायची. कुणाला शिव्या देऊ?

यांच्या चाळिसाव्याला ये. एवढ्या माणसांचं कुसकुस रांधणं मला एकटीला होणार नाही. लोभाचं नंतर बघू, आधी ये.

ताई