अम्मीची सही

४ ऑगस्ट, सोमवार

पाठवली. लेखकाला प्रकाशक मिळवून देणारी सातवी एजन्सी. पहिली तीन प्रकरणं, एक पानी सारांश, आणि दीडशे शब्दांत स्वतःबद्दल. सारांशापेक्षा स्वतःबद्दल लिहायलाच जास्त वेळ लागला. शेवटी लिहिलं — वय सत्तावीस, इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा, अलिबागला एका लॅबमध्ये प्रेशर गेज तपासते, ही पहिली कादंबरी. तेरा शब्द भरले.

फॉर्मवर एक प्रश्न होता : हे लेखन आतापर्यंत कोणी वाचलं आहे?

कोणी नाही.

उत्तर लगेच आलं, पण यंत्राचं. आठ आठवड्यांत न कळवल्यास नकार समजावा. म्हणजे २९ सप्टेंबर. एजन्सींच्या तक्त्यात तारीख टाकली.

११ ऑगस्ट

दिल्लीचा नकार. 'प्रिय श्री. यशरा' अशी सुरुवात. पुढचं वाचलं नाही, म्हणजे वाचलं, पण तेवढ्या लक्षाने नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

रेवसजवळच्या बर्फाच्या कारखान्यात सहा गेज तपासायचे होते. पाच झाले तेव्हा हरीकाका — तिथले जुने ऑपरेटर — म्हणाले, "म्याडम, सहावा वर हाय. शिडी ओली हाय. मागल्या सालचा आकडा टाका की, कोन बगतो?"

वर चढले. गेज काढून हातात घेतला तरी काटा शून्यावर येईना. अर्धी रेघ पुढेच.

"तो तसाच हाय, धा-बारा वर्सं," हरीकाका खालून ओरडले. "आमी अर्धा वजा करून वाचतो ना!"

नापास केला. हरीकाकांनी चहा दिला, पण बिस्किट दिलं नाही.

परत येताना जेट्टीवर गेले. काम नव्हतं. अकरावं प्रकरण इथलं आहे. मी पाच वर्षांची असताना अम्मी मला आणि एका बॅगेला घेऊन इथे आली होती. दादीचं घर कायमचं सोडून मुंबईला मामाकडे जायचं होतं. म्हसळ्याच्या स्टँडवर सगळे ओळखतात म्हणून एवढा वळसा घेऊन, रेवसहून लाँचने. अब्बा तेव्हा कुवेतला. आणि संध्याकाळी आम्ही परत घरी.

मला स्वतःला आठवत नाही. दादी सांगायची — पोर रडली म्हणून आली, न्हायतर गेलीच होती! पाहुण्यांसमोरही सांगायची. अम्मी खाली मान घालून भाकऱ्या थापायची. पुढची सोळा वर्षं तिने त्याच चुलीपाशी काढली, दादी जाईपर्यंत.

मी मात्र तेव्हापासून कोणासमोर रडत नाही. मोठ्याने काही मागतही नाही.

कादंबरीत नावं बदलली, गाव बदललं. हे प्रकरण बदललं नाही.

७ सप्टेंबर, रविवार

आज दिवसभरात दोन वाक्यं बोलले. दोन्ही दूधवाल्याशी.

तिसरंही धरायला हवं. घरमालकीण अनुसूयाकाकू वाडीतून शहाळं घेऊन आल्या. "यशरा, बरी आहेस ना गं?" दाराआडूनच 'हो' म्हटलं. त्या शहाळं पायरीवर ठेवून गेल्या.

२९ सप्टेंबर

आठ आठवडे झाले. नकार समजला.

८ ऑक्टोबर, बुधवार

पाचव्या क्रमांकाची एजन्सी, मुंबई. पूर्ण कादंबरी पाठवा म्हणतात!

पाठवली. मग पाठवलेली फाइल तीनदा उघडून पाहिली. तीच होती.

३० ऑक्टोबर, गुरुवार

मुंबईच्या एजन्सीतून फोन आला. कल्पिता नाव. आवाज माझ्याच वयाचा.

"अकरावं प्रकरण वाचताना माझा स्टॉप गेला. दोन स्टॉप पुढे उतरले. खरं घडलंय ना हे?"

"कादंबरी आहे," मी म्हटलं.

ती हसली. "ते वाचकांना सांग. मला खरं सांग."

सांगितलं. मग ती कामाचं बोलली. ज्या प्रकाशकाला ती दाखवणार आहे, ते जिवंत माणसावरून काही लिहिलं असेल तर त्या माणसाचं ना-हरकत पत्र घेतात. त्याशिवाय हात लावत नाहीत. "आईंना वाचायला दे, सही घे. चौदा तारखेपर्यंत पाठव. सोपं आहे."

वाचायला दे!

अम्मी उर्दू शाळेत शिकली. मराठी दिवसभर बोलते, पण वाचायची म्हटली तर एसटीची पाटी, तीही अक्षर अक्षर लावून. मला मराठी शाळेत घाला, हे अब्बांनी कुवेतहून पत्रात लिहिलं होतं. त्यामुळे घरात माझ्या वह्या कधीच कोणी उघडल्या नाहीत. तेव्हा ते सोयीचं वाटायचं.

१ नोव्हेंबर, शनिवार. म्हसळा

पत्र पुढे केलं. अम्मीने चष्मासुद्धा शोधला नाही. "बँकेचा हाय?" पेन उघडून तयार. अब्बा गेले त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून सगळे कागद मीच भरते, ती सही करते.

"कुटं करू?"

एक मिनिटाचं काम होतं. कोणाला कळलं नसतं. तिलाही नाही, कधीच.

पेनचं टोक कागदाला लागलं होतं. मी कागद ओढून घेतला. प्रिंट चुकलीय म्हटलं.

"तुजी प्रिंट कवापासून चुकायला लागली गो?"

४ नोव्हेंबर

शिडी ओली आहे. कोण बघतो?

८ नोव्हेंबर, शनिवार. म्हसळा

सांगितलं. अम्मी अंगणात जवळा निवडत बसली होती.

"अम्मी, मी पुस्तक लिहिलंय. त्यात तू आहेस."

"माज्यात काय हाय लिवन्यासारका?"

मग अकरावं प्रकरण वाचलं. मोठ्याने. चौदा पानं. स्वतःची वाक्यं मी पहिल्यांदाच कानाने ऐकली. काही लांब आहेत, श्वास पुरत नाही. अम्मीने वर पाहिलं नाही. जवळा एकीकडे, कचरा एकीकडे. जेट्टी आली, बॅग आली. पोर रडतं आणि आई लाँचकडे पाठ फिरवते तिथे तिचा हात थांबला. मग पुन्हा चालू.

संपलं. मी पानं सरळ केली. ती उठली, हात धुतले, पुसले.

"कागद आन."

सही केली. उजवीकडून डावीकडे, सुगरा.

"चाय पितीस?"

बस्स. निघेपर्यंत त्यावर एक शब्द नाही. एसटीत बसवायला आली तेव्हाही नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

सही स्कॅन करून पाठवली. कल्पिताचा मेसेज — अभिनंदन! करार या आठवड्यात!! पाच उद्गारचिन्हं होती, मी दोन कमी केली.

आनंद व्हायला हवा. तक्त्यात पाचव्या ओळीत 'होकार' लिहिलं. हा शब्द त्या तक्त्यात पहिल्यांदाच, रकाना रुंद करावा लागला नाही.

हे कोणाला सांगायचं? फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत पाहिली. बर्फाचा कारखाना दोनदा आहे.

ती गप्प का होती, हे ना-हरकत पत्रावर विचारत नाहीत.

१३ नोव्हेंबर

करार आला. नऊ पानं. सही केलेली नाही. उद्या करीन.

१४ नोव्हेंबर

नाही केली.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी अम्मीचा आवाजी मेसेज. ती लिहीत नाही, बोलून पाठवते. मागे कोंबड्या. जसाच्या तसा उतरवते :

"यशरा, त्यात एक चुकीचा लिवलायस तू. सांगू का नको, आठ दिस इचार केला. तू रडली न्हायस गो. बंदरात वादलाचा तीन नंबरचा बावटा लागलेला, लाँच बंद. म्हनून परत आलो. तू चने खात व्हतीस. मला म्हनलीस, अम्मी, उद्या येऊ. दुसऱ्या दिशी मलाच धीर झाला न्हाय. तुजा काय संबंद? दादीला मीच सांगितला, पोर रडली म्हनून. काय सांगनार, लाँच मिलाली न्हाय? … आनि पुडं काय होतंय तिचा? बाकीचा कवा वाचनार?"

चार वेळा ऐकला. कल्पिताला मेल केला : प्रकरण अकरा चुकीचं आहे, करार थांबवा, वेळ लागेल.

मग अनुसूयाकाकूंनी दार वाजवलं. "यशरा? रडतेस का गं?"

दार उघडलं. हो म्हटलं.