‘झाला’ या क्रियापदाविषयी

प्रिय विहंग,

हिंगण्याहून तू पाठवलेला चौकशी अहवालाचा मसुदा मिळाला; सोबतची ‘आई, फक्त शुद्धलेखन पाहून दे’ ही चिठ्ठीही. तुझ्या कारखान्यातले कामगार रुपराव यांची दोन बोटे प्रेसच्या यंत्राखाली गेली. दोष त्यांचाच, असे मसुदा म्हणतो, आणि तुझी सही झाली की त्यांची नोकरीही जाईल, असे सूनबाई नूपुर सांगत होती. त्याविषयी शेवटी लिहीन. दोघेही नागपुरातच राहून पत्र का, असे तुला वाटेल. फोनवर तू मला मध्येच तोडतोस; पत्राला तोडता येत नाही.

कारखान्यांतले अपघात टाळण्यासाठी झटणाऱ्या भारतीय सुरक्षा सभेच्या इतिहासाचे संपादन मी नाखुशीनेच स्वीकारले होते. कारखान्यांच्या फाटकांवरील त्यांच्या घोषवाक्यांत ऱ्हस्व-दीर्घाची जी दैना असते, ती पाहता या मंडळींकडून मला काही अपेक्षा नव्हती. आता मात्र रोज सकाळी ते जुने कागद उघडते आणि थक्क होऊन बसते. एरवी केवळ संपाच्या वाटाघाटीत समोरासमोर येणारे मालक, कामगार पुढारी आणि इंजिनियर साठच्या दशकात एका टेबलाशी बसले आणि ही सभा उभी राहिली. तिला ना दंड करण्याचा अधिकार, ना कोणाचे फाटक बंद करण्याचा. प्रश्न विचारण्याची मुभा तेवढी होती. त्या बळावर ही माणसे गिरण्यांत शिरली, कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीत गेली, पुढे शाळांत, रस्त्यांवर, थेट स्वयंपाकघरातल्या गॅसच्या शेगडीपर्यंत पोचली. त्यांचे यश लिहावे तरी कसे? संध्याकाळी धड हातांनी घरी परतलेल्या माणसाची नोंद कोण ठेवतो?

परवा मी नागपूर शाखेच्या पहिल्या प्रशिक्षक लतिकाबाईंच्या एका वर्गाची ध्वनिफीत ऐकली. बाई रसायनशास्त्रात सुवर्णपदक मिळवलेल्या, पण बोली अस्सल इथली. एक कामगार म्हणतो, ‘मशीनचा पट्टा तुटला, बाई.’ ‘काहून तुटला गा?’ ‘जुना झाला होता.’ ‘मंग बदलला काहून नाही?’ ‘साहेबाले सांगतलं होतं.’ ‘साहेबानं काहून नाही बदलला?’ मागून कोणी ओरडतो, ‘आता साहेबालेच बलवा न जी बाई!’ सारा वर्ग हसतो. मग पहिल्या रांगेतून घसा खाकरल्याचा आवाज येतो. साहेब तिथेच बसलेले होते. खुर्ची सरकते आणि ते म्हणतात, ‘मी सांगतो.’

ती फीत मी पुन्हा पुन्हा ऐकली. बाई पुढे म्हणतात, ‘झाला’ हे क्रियापद फार लबाड आहे, ते माणसाला लपवते. चौकशी त्याच्यापाशी थांबवू नका. माझे आयुष्य व्याकरण शिकवण्यात गेले, पण क्रियापदाची अशी उलटतपासणी मी कधी पाहिली नव्हती.

लहानपणी तू मैदानावरून ‘काहून’ घेऊन यायचास आणि मी उंबऱ्यातच तुला ‘का’ म्हणायला लावायचे. त्याचा मला पश्चात्ताप नाही. प्रमाण लेखनात तो शब्द मी आजही चालू देणार नाही.

आता तुझा मसुदा. ‘रुपरावांच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला.’ वाक्य निर्दोष आहे; असायलाच हवे, मी शिकवलेले आहे. परंतु काम लवकर उरकावे म्हणून प्रेसची संरक्षक जाळी आधीच काढून ठेवलेली होती, आणि ती काढायला तूच सांगितले होतेस. हे तू नूपुरजवळ बोललास. मला सांगण्याचे धाडस तुला झाले नाही. उद्या तुला सही करायची आहे, म्हणून हे पत्र आजच हातोहात पाठवते आहे. मसुदाही सोबत परत करते. शुद्धलेखनाची एकही दुरुस्ती नाही. त्या वाक्यासमोर समासात मात्र मी लाल शाईने एकच शब्द लिहिला आहे, मैदानावरून तू आणायचास तोच; स्वतःचा म्हणून मी तो आजवर कधी लिहिला नव्हता. त्याचे उत्तर तुला ठाऊक आहे. घसा खाकर, आणि उभा राहा.

उत्तराची वाट पाहणारी,
तुझीच
आई